कासव, कोळंबी आणि आपलें सार्वभौमत्व

परदेशच्या बाजारपेठेनें आपल्या मालाला पर्यावरणाच्या नांवानें एखादी अट घातली, कीं आपल्याकडील वृत्तपत्रांत व सभांत एक ठराविक आरोळी उठते. 'हा हिरवा साम्राज्यवाद आहे', 'निसर्गप्रेमाचा बुरखा घेतलेली ही निव्वळ जकात आहे', 'आमचा माल आम्ही कसा तयार करावा हें सांगणारे हे कोण?' युरोपीय संघानें पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतें इत्यादि मालावरील कार्बनचा सीमाकर १ जानेवारी २०२६ पासून पुरतेपणीं लागू केला, तेव्हांही हीच आरोळी आपल्या कानीं आली. आरोळी मारणारांत जे थोडे अधिक व्युत्पन्न असतात, ते तिला एका जुन्या विजयाचा दाखला जोडतात. १९९८ सालीं जिनेव्हास आपण अमेरिकेसारख्या बलाढ्य राष्ट्राला कोळंबीच्या खटल्यांत हरविलें. तोच मार्ग आतांही धरावा, असें त्यांचें सांगणें असतें.

आमचें म्हणणें असें कीं, ज्यांना तो निर्भेळ विजय वाटतो त्यांनीं तें निकालपत्र वाचलेलें नाहीं. त्या खटल्यांत आपण हुकूमनामा मिळविला आणि वाद गमावला. इतकेंच नव्हे, तर जो वाद आपण गमावला तो गमावला गेला हेंच आपल्या हिताचें झालें, असें आम्ही म्हणतों. हें विधान पुष्कळांस देशाभिमानशून्य वाटेल. म्हणून त्याची फोड करणें प्राप्त आहे.

कोळंबी समुद्राच्या तळाशीं राहते, आणि ती धरण्यासाठीं ट्रॉलर आपलें पिशवीसारखें जाळें तळावरून बराच वेळ ओढीत नेतो. समुद्रकासव हें हवेंत श्वास घेणारें जनावर आहे. त्या पिशवींत तें एकदां सांपडलें आणि जाळें लवकर वर आलें नाहीं, म्हणजे जन्मभर पाण्यांत राहिलेलें तें जनावर पाण्यांतच गुदमरून मरतें. यावर अमेरिकेंत एक साधा उपाय निघाला. जाळ्याच्या गळ्यांत गजांची एक तिरपी चौकट बसवावयाची. कोळंबी गजांच्या फटींतून मागील पिशवींत जाते; कासव गजांवर आपटून बाजूस सरकतें आणि तेथें ठेवलेल्या झडपेंतून बाहेर पडतें. या चौकटीस मच्छीमारी खात्यांत 'टेड' म्हणतात. १९८७ सालीं अमेरिकेनें ती आपल्या कोळंबीच्या बोटींना सक्तीची केली, आणि १९८९ सालीं असा कायदा केला कीं, ज्या देशाच्या बोटी कासवांच्या रक्षणाची तशाच तोडीची व्यवस्था करणार नाहींत, त्या देशाची समुद्रांत धरलेली कोळंबी अमेरिकेंत येऊं द्यावयाची नाहीं. कायद्याच्या पुस्तकांत तो ६०९ व्या कलमाच्या नांवानें ओळखला जातो.

प्रथम हा कायदा कॅरिबियन समुद्राच्या आसपासच्या चौदा देशांपुरता चालविला गेला, आणि त्यांना तयारीसाठीं तीन वर्षें मिळालीं. पुढें निसर्गरक्षणाच्या संस्थांनीं अमेरिकन सरकारवरच फिर्याद केली. डिसेंबर १९९५ मध्यें तेथील व्यापारविषयक न्यायालयानें हुकूम सोडला कीं, १ मे १९९६ पासून हा कायदा सर्व जगाला लागू करावा. कॅरिबियन देशांना तीन वर्षें आणि आपल्याला चार महिने! या उद्दामपणाविरुद्ध भारत, पाकिस्तान, मलेशिया व थायलंड या चार देशांनीं ऑक्टोबर १९९६ मध्यें जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. आपला संताप अगदीं न्याय्य होता, याविषयीं आमच्या मनांत यत्किंचितही किंतु नाहीं.

पण न्याय्य संतापाच्या भरांत आपण कोणता युक्तिवाद केला, तो पहा. व्यापाराच्या सर्वसाधारण करारांत विसावें कलम अपवादांचें आहे. 'क्षय पावणाऱ्या नैसर्गिक संपत्तीच्या' रक्षणासाठीं एखादें राष्ट्र आयातीवर निर्बंध घालूं शकतें, अशी सवलत त्यांत आहे. अमेरिका या सवलतीच्या आड उभी राहिली. तेव्हां आपल्या बाजूनें असें सांगण्यांत आलें कीं, क्षय पावणारी संपत्ति म्हणजे खाणींतील खनिजें व तत्सम निर्जीव पदार्थ. कासव हें सजीव आहे, त्याला पिलें होतात, तें पुन्हां पुन्हां उत्पन्न होतें, म्हणून त्याचा क्षय होणें हा प्रकार या शब्दांत बसत नाहीं! ज्या देशानें आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत समुद्रकासवाला वाघाच्या पंक्तीला बसविलें आहे, त्या देशाच्या वतीनें हा युक्तिवाद परक्या न्यायासनापुढें मांडला गेला. वकिलाला अशिलासाठीं पुष्कळ बोलावें लागतें हें आम्ही जाणतों. पण येथें अशील कोण होतें? आपल्याच कायद्याविरुद्ध आपलाच वकील उभा होता.

अपील मंडळानें १२ ऑक्टोबर १९९८ रोजीं जो निकाल दिला, त्याचे दोन भाग आहेत, आणि आपल्याकडे फक्त दुसऱ्याचा गवगवा होतो. पहिल्या भागांत मंडळानें आपला वरील युक्तिवाद सपशेल फेंटाळला. सजीवांच्या जातीही नष्ट होतात. समुद्रकासवाच्या सातही जातींना नामशेष होण्याचें भय असल्याचें जगानें मान्य केलेलें आहे. करार १९४७ चा असला तरी त्याचे शब्द आजच्या ज्ञानाच्या उजेडांत वाचले पाहिजेत. आणि म्हणून माल कसा तयार झाला हें पाहून आयात नाकारण्याचा अधिकार या कलमाखालीं मुळींच नाहीं असें म्हणतां येत नाहीं. ओडिशाचें कासव पोहत अमेरिकेस जात नाहीं हें आपलें म्हणणें खोटें नव्हतें. परंतु त्या जातींचा वावर अमेरिकेच्या पाण्यांतही आहे, एवढा संबंध मंडळाला पुरेसा वाटला. दुसऱ्या भागांत मात्र मंडळानें अमेरिकेचे कान उपटले. कॅरिबियन देशांशीं तुम्ही वाटाघाटी करून तह केलात, आशियांतील देशांशीं तसा मनःपूर्वक प्रयत्न केला नाहींत. त्यांना मुदत व शिक्षण दिलेंत, यांना दिलें नाहींत. प्रत्येक देशाची परिस्थिति न पाहतां आपलाच नमुना सर्वांवर लादलात. एखाद्या बोटीनें चौकट बसविली तरी तिचा देश यादींत नाहीं म्हणून तिचीही कोळंबी परत पाठविलीत. अर्ज फेंटाळतांना कारणें दिलीं नाहींत, म्हणणें ऐकून घेतलें नाहींत. हा मनमानी व असमर्थनीय भेदभाव होय.

म्हणजे मंडळानें अमेरिकेला सांगितलें तें असें: तुझा हक्क खरा, तुझी वागणूक खोटी. अमेरिकेनें १९९९ सालीं वागणूक सुधारली आणि कायदा तसाच ठेवला. मलेशियानें एकट्यानें पुन्हां भांडून पाहिलें, आणि २२ ऑक्टोबर २००१ च्या निकालांत तो देश हरला. ज्या विजयाचे पोवाडे आपण गातों त्याची कथा ही अशी आहे.

येथें प्रतिपक्षाचा सर्वांत सबळ मुद्दा पुढें येतो. ते म्हणतील कीं अमेरिकेला कासवाचें प्रेम कोठून आलें? तिला आपल्या कोळंबीवाल्यांचा धंदा राखावयाचा होता. हें बव्हंशीं खरें आहे. चौकट सक्तीची होतांच अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरील मच्छीमार इतके खवळले कीं, १९८९ च्या उन्हाळ्यांत त्यांनीं टेक्सासचीं बंदरें बोटी आडव्या लावून अडविलीं; लुइझियाना संस्थानानें तर १९८७ सालींच आपल्या अधिकाऱ्यांना या नियमाची अंमलबजावणी करण्यास कायद्यानें मनाई केली होती. ६०९ वें कलम पुढें आणणारे सिनेटर त्याच लुइझियानाचे होते. आमच्या माथीं खर्च मारलात, तर परक्यांच्याही माथीं मारा, हा त्यांतील हिशेब. हेतु शुद्ध नव्हता, हें आम्ही आनंदानें कबूल करितों.

परंतु अशुद्ध हेतूनें आलेल्या कायद्याचें काय करावें, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबईच्या गिरण्यांत लहान पोरें सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत, आणि त्या गिरण्यांचें सूत लँकेशायरच्या सुताला बाजारांतून हुसकूं लागलें. तेव्हां लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना मुंबईच्या पोरांचा एकाएकीं कळवळा आला! त्यांच्या ओरडीचा परिणाम म्हणून १८८१ चा पहिला कारखान्यांचा कायदा झाला. त्यानें काय दिलें? सात वर्षांखालील मूल कामावर घेऊं नये, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलास नऊ तासांहून अधिक राबवूं नये. इतकेंच! तरी आपल्या राष्ट्रीय पत्रांनीं या कायदेबाजीवर कडाडून हल्ला केला, आणि 'केसरी' व 'मराठा' त्यांत मागें नव्हते. त्यांचा संशय खरा होता, हें आज इतिहास शिकणारा कोणताही विद्यार्थी सांगेल. पण त्याच मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे नांवाचे एक गृहस्थ होते. 'दीनबंधू'च्या या संपादकानें १८८४ सालीं गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या, साडेपांच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे पाठविला, आठवड्याची सुट्टी मागितली, आणि जून १८९० मध्यें रविवारची सुट्टी गिरणीमालकांकडून पदरांत पाडून घेतली. लँकेशायरच्या पोटांत काय आहे, या प्रश्नापेक्षां मुंबईचा मजूर किती तास उभा असतो हा प्रश्न त्यांना मोठा वाटला. दोन्ही पक्षांत देशाची सेवा कोणी अधिक केली, याचा निवाडा आम्ही वाचकांवर सोंपवितों. रविवारीं सकाळीं अंथरुणांत लोळत तो करण्यास हरकत नाहीं.

शिवाय, आपण ज्या तत्त्वाला जिनेव्हांत अधर्म म्हटलें, तेंच तत्त्व पुढें आपण स्वतः आचरिलें आहे. जुलै २०१४ मध्यें भारत सरकारनें 'फ्वा ग्रा' नांवाच्या फ्रेंच पक्वान्नाची आयात बंद केली. बदकांच्या व हंसांच्या घशांत नळी घालून चारा कोंबावयाचा आणि त्यांचें यकृत फुगवून तें खावयाचें, असा तो पदार्थ. तो खाल्ल्यानें दिल्लीच्या एखाद्या धनिकाची प्रकृति बिघडेल म्हणून कांहीं ही बंदी नव्हती; फ्रान्समधील हंसाला झालेली यातना आम्हांस मान्य नाहीं, हेंच तिचें कारण. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत, प्राण्यांवर चाचणी करून बनविलेलीं सौंदर्यप्रसाधनें आयात करण्यास मनाई झाली. प्रयोगशाळा परदेशांत, ससा परदेशचा, आणि निर्बंध आपला! दोन्ही निर्णय आम्हांस पसंत आहेत. परंतु परक्या देशांतील सशासाठीं व हंसासाठीं आपण आयात रोखूं शकतों, आणि आपल्याच कायद्यानें रक्षिलेल्या कासवासाठीं दुसऱ्यानें रोखली तर तें मात्र सार्वभौमत्वावर आक्रमण, ही कोणती तर्कपद्धति? आपल्या घरांत काय येऊं द्यावें हें ठरविण्याचा अधिकार यजमानाचा असेल, तर तो प्रत्येक यजमानाचा आहे.

आतां घरांतील कासवाकडे वळूं. आपल्या देवळांत शिरल्याबरोबर गाभाऱ्यासमोर फरशींत कोरलेलें कासव असतें. भाविक त्याला हात लावून तो हात कपाळाशीं नेतात. कासवी आपल्या पिलांना दूध पाजीत नाहीं, केवळ प्रेमळ दृष्टीनें त्यांचें पोषण करिते, अशी आपल्या संतांना प्रिय असलेली एक कल्पना आहे. खरी समुद्रकासवी रात्रीं वाळूंत शंभरावर अंडी घालून, खड्डा बुजवून समुद्रांत निघून जाते, आणि पिलांकडे पुन्हां पाहतही नाहीं. परंतु संतांची ती कल्पना आपल्या सरकारांनीं अक्षरशः अमलांत आणिली आहे. १९७२ पासून तीं कासवांचें पोषण केवळ दृष्टीनेंच करीत आलीं आहेत! ओडिशांतील गहिरमाथ्याच्या वाळूवर लाखोंच्या संख्येनें कासवें अंडी घालण्यास येतात. त्याच किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यांत गुदमरलेलीं कासवें एकेका हंगामांत हजारोंनीं वाहून येत असलेलीं लोकांनीं मोजलीं आहेत. पाण्यांत सीमा आंखल्या गेल्या. किनाऱ्यालगत ट्रॉलरना बंदी झाली. १९९७ सालीं, म्हणजे कोळंबीचा खटला उभा राहिल्यानंतर, गहिरमाथा सागरी अभयारण्यही जाहीर झालें. हा योगायोग असेल. पण ज्यानें कासव वांचतें ती चौकट आपल्या जाळ्यांत सार्वत्रिक झाली नाहीं. आणि म्हणूनच गेल्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेनें भारताची समुद्रांत धरलेली कोळंबी पुन्हां एकदां नाकारली. या वेळीं आपल्याला जिनेव्हास जाण्यासही तोंड राहिलें नव्हतें.

सगळेंच काळेंकुट्ट आहे असें नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यांत मंडणगड तालुक्यांतील वेळास गांवीं, चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र संस्थेनें २००२ सालीं काम आरंभिलें. गांवकऱ्यांनीं कासवाचीं अंडी खाण्याऐवजीं राखावीं, कुंपणांत हलवावीं, पिलें बाहेर आलीं कीं समुद्रांत सोडावीं, अशी रीत तेथें पडली. अमेरिकेच्या कोणत्याही कलमाचा धाक त्यामागें नव्हता. पण वाळूंत वांचलेलें पिलूं मोठें होऊन जाळ्यांत सांपडणार असेल, तर गांवकऱ्यांनीं रात्रभर कोणाची राखण केली?

दोन वर्षांपूर्वीं रत्नागिरीस मिरकरवाड्याच्या बंदरावर एका तांडेलाजवळ आम्हीं हा विषय काढला. आमची अपेक्षा होती कीं तो कासवाला शिव्या देईल. तो म्हणाला, "साहेब, कासव मला कशाला हवं? जाळ्यांत आलं तर जाळं फाडतं. पण ज्या भोकातून कासव जाणार, त्याच भोकातून माझी घोळ जाणार. वर्षातून कधीं एकदां नशिबानं घोळ लागते. तिचे पैसे कोण देणार तें सांगा, उद्यां चौकट लावतों." आमच्या मतें तीस वर्षांच्या या सर्व वादांत इतका नेमका प्रश्न कोणत्याही वकिलानें विचारलेला नाहीं. अमेरिकेचा ट्रॉलर कोळंबीसाठीं निघतो, आणि जाळ्यांत आलेली इतर मासळी पुष्कळदां समुद्रांतच फेंकून देतो. त्याला मोठा मासा निसटला तरी फारशी तोशीस नाहीं. आपला ट्रॉलर मात्र जें येईल तें विकतो. कोळंबी, म्हाकूळ, घोळ, शेवटीं खताला जाणारा कचरासुद्धां. त्यामुळें तीच चौकट त्याला अधिक महाग पडते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनें आपल्या पाण्याला मानवेल अशी निराळी चौकट तयार केली, ती याच अडचणीमुळें. 'कासव क्षय पावत नाहीं' असें सांगण्याऐवजीं 'तुमची चौकट आमच्या गरिबाला अधिक महाग पडते, मुदत द्या, मदत द्या, आमची चौकट मान्य करा' हें तत्त्व म्हणून आपण धरून बसावयास हवें होतें. निकालाच्या ज्या भागानें आपल्याला हुकूमनामा दिला, तो नेमका याच पायावर उभा आहे.

कार्बनच्या कराविषयींही आमचें हेंच सांगणें आहे. माल तयार करतांना किती धूर सोडला हें विचारण्याचा युरोपला अधिकारच नाहीं, असें म्हणाल तर १९९८ च्या निकालाचा पहिला भाग तुमच्या तोंडावर आदळेल. त्याऐवजीं दुसरा भाग हातीं घ्या. दीडशें वर्षें कोळसा जाळून श्रीमंत झालेल्याला आणि कालपरवां दिवा लागलेल्या घराला एकच माप लावणें हा मनमानी भेदभाव नाहीं काय? रिओच्या १९९२ च्या परिषदेंत राष्ट्रांची जबाबदारी समान परंतु भिन्न प्रमाणांत आहे असें युरोपनेंच मान्य केलें नाहीं काय? वसूल झालेला पैसा ब्रुसेल्सच्या तिजोरींत कां जावा, आणि ज्याच्या भट्ट्या बदलावयाच्या त्या देशास कां मिळूं नये? शिवाय, माल जेथें तयार झाला तेथें कार्बनची किंमत दिलेली असेल तर ती वजा करण्याची सोय त्या कायद्यांतच आहे; तेव्हां ती किंमत आपण आपल्या घरीं वसूल करून आपल्या कारखान्यांच्या सुधारणेस लावली, तर युरोपच्या हातीं तितकें कमी पडेल. हे प्रश्न युरोपला टोंचणारे आहेत. 'सार्वभौमत्व' हा शब्द त्याला टोंचत नाहीं, कारण तो त्याच्याजवळही आहे.

कोणी म्हणेल, न्यायासनच उरलें नाहीं तर युक्तिवाद कोणापुढें करावयाचा? अमेरिकेनें सभासदांच्या नेमणुका अडवून धरल्यामुळें डिसेंबर २०१९ मध्यें अपील मंडळाचें काम बंद पडलें, ही गोष्ट खरी. आणि ऑगस्ट २०२५ मध्यें अमेरिकेनें आपल्या मालावर, तळ्यांत वाढविलेल्या कोळंबीसकट, एकंदर पन्नास टक्के वाढीव जकात बसविली, तेव्हां कासवाचें नांवही कोणी घेतलें नाहीं. यांतून आपल्या देशाभिमान्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ज्याला दार लावावयाचेंच आहे त्याला निसर्गाचें निमित्त लागत नाहीं. जो निसर्गाचें निमित्त सांगतो, त्याला निदान त्या निमित्तांत पकडतां येतें. त्याला विचारतां येतें कीं, तुझ्या शेजाऱ्याला तीन वर्षें आणि आम्हांस चार महिने कां? बळाच्या जकातीला असा प्रश्न विचारण्याची सोय नाहीं. म्हणून पर्यावरणाच्या अटी या दुर्बळ राष्ट्रावरील सर्वांत मोठें संकट आहे, हें जें आपल्याकडे मानलें जातें, तें आम्हांस उलटें वाटतें.

मिरकरवाड्याच्या तांडेलाचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. अमेरिकेनें १९९९ च्या सुधारलेल्या नियमांत, जें सरकार मागेल त्याच्या लोकांना चौकट बनविण्याचें व बसविण्याचें शिक्षण देण्याची तयारी दाखविली होती. त्या तांडेलाला आम्हीं विचारलें कीं, ही चौकट तुम्हीं प्रत्यक्ष पाहिली आहे काय? त्यानें मुलाला हांक मारली. मुलानें खिशांतून मोबाइल काढला आणि आम्हां दोघांनाही तिचें चित्र दाखविलें.